उंचावर थंडी का असते?
महाबळेश्वर सूर्याच्या अधिक जवळ असूनही तिथे वाईपेक्षा गारवा का, या प्रश्नावरील चर्चेत थोडी भर घालावीशी वाटते. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने एका घाटाच्या चढाने काहीच फरक पडत नाही. हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीकडून तापते. ती वर चढू लागली की तिथला दाब कमी असल्यामुळे प्रसरण पावते आणि त्यात तिची स्वतःची उष्णता खर्ची पडून गार होते. पसरणीचा घाट चढताना वेफर्सचे बंद पाकीट टम्म फुगते, तेही याच घटत्या दाबामुळे. तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या जमिनीलगतच्या सर्वांत खालच्या थरात, तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो म्हणजे हिवाळ्यातली निरभ्र, निवांत पहाट, जेव्हा जड झालेली थंड हवा दरीत साचते आणि वरचा उतार तळापेक्षा उबदार असू शकतो.