पार्किंग १७ मधला डाग

बी-२०१ (सचिव), सायं. ७:४२
[फोटो]
पार्किंग १७ मध्ये तेल सांडले आहे. पेव्हर ब्लॉक गेल्याच महिन्यात घासून घेतलेत. ज्यांची गाडी आहे त्यांनी कृपया लक्ष द्यावे.

ए-१०४, ७:४५
सतरा आमचंच, दादा. गाडी घेऊन पंधरा दिवस झालेत फक्त. जुनी आहे, पण सर्व्हिसिंग करून दिली होती हो. उद्या सकाळी ठाण्याला जायचंय. इंजिन ऑईल असेल का?

बी-४०३, ७:४६
झालं, इंजिन उतरवावं लागणार 😄 सेकंडहँडचं असंच असतं ताई. आमची बघा, आठ वर्षं झाली, खाली एक थेंब नाही.

सी-३०२, ७:५१
फोटोवरून काही कळत नाही. फ्लॅश मारला की ओल्या पेव्हरवर पाणीसुद्धा काळं दिसतं. ताई, पांढरा टिश्यू घेऊन खाली जा, डागावर टेकवा आणि टिश्यूचा फोटो टाका. डाग गाडीच्या नेमका कुठल्या भागाखाली आहे तेही सांगा.

बी-१०३, ७:५२
काकांची ओपीडी सुरू 🙏

ए-१०४, ८:०३
[फोटो]
टिश्यू नुसता ओला झालाय. रंग नाही, वास नाही, बोटाला चिकटही लागत नाही. डाग डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्याच्या पायांच्या बरोबर खाली.

सी-३०२, ८:०४
दुपारी एसी लावला होता?

ए-१०४, ८:०४
हो. त्र्यंबकहून येताना ऊन फार होतं.

सी-३०२, ८:०७
मग ते एसीचं पाणी. डॅशबोर्डमागच्या गार कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि नळीने खाली पडते. पडतंय ते चांगलं आहे. नळी तुंबली तर तेच पाणी तुमच्या कार्पेटवर येईल. सचिवसाहेब, उद्यापर्यंत पेव्हर वाळतील.

बी-२०१ (सचिव), ८:०९
ठीक. पण १२ नंबरचा काळा डाग तरी तेलाचाच आहे ना?

सी-५०१, ८:१०
तो आमच्या आधीच्या गाडीचा. ती विकून दोन वर्षं झाली.

बी-१०३, ८:१२
काका, एकदा सगळंच सांगून टाका ना. म्हणजे दर वेळी टिश्यू घेऊन खाली जायला नको.

सी-३०२, ८:२६
टिश्यू लागणारच. अंबडला इंजिन टेस्टिंगवर अठ्ठावीस वर्षं काढली, आधी हात लावून बघायचं, मग बोलायचं.

पुढे इंजिनाखाली तपकिरी किंवा काळं, बुळबुळीत असेल तर इंजिन ऑईल. हिरवं, गुलाबी, नारिंगी किंवा निळं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल, अर्थात हल्ली बऱ्याच गाड्यांना इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, त्यात तेलच नसतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर गिअर ऑईल.

चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. बाकी गळती थोडी असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येईल, ब्रेक ऑईल गळत असेल तर गाडी जागेवरून हलवायची नाही. मेकॅनिकला इथे बोलवायचं. इथे कंजुषी नको.

आणि इंजिन ऑईल मोजायची काडी (डिपस्टिक) बघायला शिका. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काडी पुसून पुन्हा घालायची, मग बघायची. आपल्या गेटजवळच्या उतारावर लावून बघू नका, खोटं दाखवेल.

ए-२०२, ८:३१
कूलंट गोड असतं म्हणालात. खाली मनी आणि तिची पिल्लं असतात, ती चाटतील का?

सी-३०२, ८:३३
चाटतात वहिनी, आणि मरतात. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकोल असतं, थोडंसुद्धा पोटात गेलं की मूत्रपिंडं जातात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. हा मेसेज सचिवांनी पिन करावा, तेलाच्या डागाचा नको.

सी-५०१, ८:३८
काका, आमच्या डिझेलचं उलटंच आहे. ऑईल कमी होत नाही, काडीवर वर चढलंय. म्हणजे इंजिन चांगलं ना?

सी-३०२, ८:४०
बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची आहे का? आणि रोज चालते किती?

सी-५०१, ८:४१
२०२१ ची आहे. मुलांना गंगापूर रोडला शाळेत सोडायचं आणि आणायचं, बस. तीन-चार किलोमीटर.

सी-३०२, ८:५२
तेल कधी आपोआप वाढत नाही हो. ते डिझेल आहे. काडीचा वास घेऊन बघा.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून जाळी तापवते आणि काजळी जाळते. त्याला सलग पळणं लागतं. तुम्ही तीन किलोमीटरवर इंजिन बंद करता, काम अर्धं राहतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. पातळ तेलावर बेअरिंग टिकत नाहीत.

काडीवर तेल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ऑईल बदला. मग दर आठवड्याला एकदा हायवेवर ओझरपर्यंत जाऊन या, अर्धा तास एका वेगाने. ट्रॅफिकमध्ये अडकून नाही.

सी-५०१, ८:५३
बायको म्हणतेय, मी आधीच सांगत होते शाळेला स्कूटर घ्या 😅

बी-४०३, ८:५७
म्हणून पेट्रोल बरं. आमचं काही नाही. कूलंटच्या बाटलीत आठवड्याला तेवढं थोडं पाणी घालायचं, संपलं.

सी-३०२, ८:५८
थांब. किती घालतोस?

बी-४०३, ८:५८
अर्धा लिटर असेल. खालच्या बोअरच्या नळाचं.

सी-३०२, ९:०४
बोअरचं! अरे, आपल्या बादल्यांवर पांढरा थर बसतो तो बघतोस ना? तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतोय. अडचणीच्या वेळी एकदा घातलं तर चालतं, दर आठवड्याला नाही.

पण मुद्दा तो नाही. कूलंट बंद चक्रात फिरतं, ते संपत नाही. आठवड्याला अर्धा लिटर जातंय आणि खाली थेंब नाही, मग जातंय कुठे? ताईंच्या ओल्या पार्किंगपेक्षा मला तुझ्या कोरड्या पार्किंगची जास्त काळजी वाटते.

बी-४०३, ९:०६
काका, घाबरवू नका. परवा कांदिवलीला मीटिंग आहे, गाडीनेच जायचंय.

सी-३०२, ९:०९
विचारतो त्याचं उत्तर दे. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? आत कार्पेट ओलं? काचेवर तेलकट वाफ? हीटर लावला तर मधूनच गार हवा?

बी-४०३, ९:१२
कार्पेट कोरडं, काचही स्वच्छ. धूर येतो, पण सकाळी थंडी पडायला लागलीय ना. हीटर कोण लावतंय.

सी-३०२, ९:२०
थंडीची वाफ इंजिन तापलं की थांबते, निफाडला पारा कितीही उतरू दे. पंधरा मिनिटांनीही धूर आला आणि वास गोडसर असला तर कूलंट सिलिंडरमध्ये जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील. निळसर धूर असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं, काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय.

पण लगेच हेड काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. आधी कूलंटचं झाकण बघ. ते दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट शंभराच्या वरही उकळत नाही. रबर गेलं तर तिथूनच वाफ होऊन उडतं आणि झाकणाभोवती पांढरा-गुलाबी थर दिसतो. काहीशे रुपयांचं काम. माझ्या ओळखीच्या एकाचं हेड उतरवलं होतं, दोष झाकणाचाच होता.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघड. गरम असताना हात लावलास तर तोंड भाजेल. मग गाडी चालू कर आणि आत बुडबुडे येतात का बघ. मी सात वाजता खाली येतो.

बी-१०३, ९:२२
माझ्याकडे गाडीला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आहे, मीपण येतो. तापमान लाइव्ह दिसेल.

सी-३०२, ९:२३
आण. पण तो फक्त तक्रार कुठली ते सांगतो, कारण नाही.

सी-३०२, सकाळी ७:२४
[व्हिडिओ]
झाकण चांगलं आहे. कूलंटमध्ये बुडबुडे सलग येताहेत आणि गाडी तापली तरी थांबत नाहीत, म्हणजे इंजिनाचा गॅस आत शिरत असावा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थरही आहे. नुसता थर असता तर कमी वापराच्या गाडीत ओल जमते म्हणून सोडून दिला असता, दोन्ही मिळून नाही.

गॅरेजला नेऊन आधी निळ्या द्रावणाची टेस्ट करून घे. रेडिएटरच्या तोंडावर धरतात, इंजिनाचा गॅस आला तर पिवळं होतं. तुझ्यासमोर करायला सांग. पिवळं झालं तरच हेड उघडायचं, आणि उघडलं तर ते वाकडं झालंय का ते मोजून घ्यायचं.

बी-४०३, ७:२९
म्हणजे उद्या कांदिवली नाही? हळूहळू गेलो तर? जाताना कसारा घाट उतारच आहे.

सी-३०२, ७:३१
आणि येताना? भरल्या गाडीने घाट चढताना काटा लाल झाला तर आज गॅस्केटवर भागतंय ते हेडवर जाईल. पंचवटी एक्स्प्रेसने जा.

बी-४०३, ७:३६
उद्याचं पंचवटी फुल्ल आहे. महामार्ग स्टँडवरून बस बघतो. नाहीतर मीटिंग आजच उरकता येते का विचारतो.

ए-१०४, ७:३८
आज येत असाल तर आम्ही आठला निघतोय, ठाण्यापर्यंत. मागची एक सीट रिकामी आहे. सेकंडहँड चालेल ना? 😄

बी-४०३, ७:४१
आजचं जमलं. एकच बॅग आहे ताई. खाली येतोय.