छोटं सेसना १७२ विमान आणि ढगातला बर्फ, खरंच इतकं घाबरायचं?

मिशिगनकर_कोल्हापुरी:
पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) झालंय, आता इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात नुसत्या मीटरवर उडवायचं शिक्षण) चालू आहे. काल ढग ३००० फुटांवर, ढगात उणे ६, आणि सरांनी फ्लाइट सरळ रद्द केली. पिटो हीट आहे की, थोडा बर्फ धरला तर खाली येऊ, असं मला वाटलं. कुणी अनुभवी सांगेल का?

ओहायो_इन्स्ट्रक्टर:
सरांचे पाय धर बाबा. पिटो हीट स्पीड मोजायची बाहेरची नळी गरम ठेवते, पंखाला त्याचा काय उपयोग? ढगातलं पाणी उणे १० ला पण पाणीच राहू शकतं आणि विमानाला टेकलं की जागच्या जागी गोठतं. सगळे वजनाचं बोलतात पण खरं दुखणं पंखाचा आकार बिघडतो हे आहे, जाड सँडपेपरइतका खरखरीत थर धरला तरी लिफ्ट (उचलणारा जोर) ३० टक्क्यांपर्यंत घटते, ड्रॅग (हवेचा अडसर) ४० टक्क्यांपर्यंत वाढतो. स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान धरून ठेवत नाही तो स्पीड, किती वाढला ते कुठल्याच मीटरवर दिसत नाही, त्याचा इशारा देणारा हॉर्नही वेळेवर वाजेल याचा भरवसा नाही.

मला एकदा नोव्हेंबरात लेककडच्या ढगात लागलं होतं. काचेजवळच्या थर्मामीटरच्या टोकावर आधी पांढरा ठिपका, मग स्ट्रटवर (पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर) बर्फाची कड, आणि फुल थ्रॉटल देऊनही स्पीड ११० वरून ९० वर. एटीसीला (विमानतळाच्या कंट्रोलला) लगेच सांगितलं, खाली उबदार हवा होती म्हणून सुटलं, बर्फाचे तुकडे शेपटीवर आपटल्याचे आवाज अजून आठवतात. काल तुमच्याकडे जमिनीवर किती होतं?

पुण्याचा_एएमई:
बर्फ काढायची सिस्टिम असलेली विमानंही सुटत नाहीत. १९९४ ला इंडियानात रोझलॉनला एटीआर ७२ हे प्रवासी विमान पडलं, ६८ जण गेले. बर्फ फोडायला पंखांवर फुगणारे रबरी पट्टे (बूट) होते, पण मोठे थेंब बूटच्या मागे वाहत जाऊन गोठले. म्हणून बर्फात ऑटोपायलट काढून हाताने उडवा, काय बिघडतंय ते हाताला कळतं.

आणि कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल तर बर्फाला हिवाळा लागतच नाही, आपल्याकडे पावसाळ्यात २५ डिग्रीतसुद्धा आत बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू उतरायला लागला की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) पूर्ण ओढायची, इंजिन आधी जास्त खडखडेल, तरी आत ढकलायची नाही.

मिशिगनकर_कोल्हापुरी:
जमिनीवर उणे १ होतं. म्हणजे बर्फ वितळायला खाली जागाच नव्हती. सरांना आत्ताच फोन करतो.