मदत हवी आहे: आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस आणि कॉलेज, दोन्ही एकदम जमेल का?

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इथे उदगीरलाच बीएस्सीला प्रवेश घेतोय, आणि त्याच्या जोडीला आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा (माहिती आणि आकडेवारीतून अर्थ काढण्याचं शास्त्र) ऑनलाइन बीएस, म्हणजे चार वर्षांची पदवी, करायचं तिने मनावर घेतलंय. जेईई लागत नाही, बारावी पास आणि दहावीला गणित-इंग्रजी असलं की अर्ज करता येतो, आणि २०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, इतकी माहिती आम्ही काढली. पण रोजचा अभ्यास कसा असतो ते काही डोळ्यांसमोर येत नाही. आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो? अडलं तर विचारायचं कुणाला? परीक्षा घरबसल्या असते का? घरात लॅपटॉप एकच आहे आणि तो मलाही कामाला लागतो.

नातेवाईक म्हणतात, "ऑनलाइनच आहे ना, मग जमेल तसं बघायचं." मला हे पटत नाही. पोरगी मनापासून करणारी आहे. फी भरून अर्ध्यात सुटलं तर फार हिरमुसेल, म्हणून आधीच विचारते. जे शिकताहेत किंवा शिकवताहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी नोकरी सांभाळून हाच कोर्स करतोय, सध्या डिप्लोमा लेव्हलला, म्हणजे मधल्या टप्प्यावर, आहे. "जमेल तसं बघायचं" हे डोक्यातून आधी काढून टाका. वर्षात तीन टर्म असतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. प्रत्येक विषय १२ आठवड्यांचा. दर आठवड्याला व्हिडिओ येतात आणि त्यावरची असाइनमेंट ठरलेल्या तारखेच्या रात्री बाराच्या आत द्यावी लागते, त्यानंतर पोर्टल ती घेत नाही. एका विषयाला आठवड्याला १० तास धरा, असं संस्थाच सांगते, आणि गणिताला ते खरंच लागतात. कॉलेज सांभाळून पहिल्या टर्मला दोनच विषय घेऊ द्या. चार घेता येतात म्हणून घेऊ नयेत.

मुख्य परीक्षा घरून नाहीत. दोन क्विझ आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, बहुतेक रविवारीच. उदगीरहून केंद्राला जायचं तर आदल्या रात्रीचा प्रवास धरून चाला. कॉलेजच्या परीक्षांचं वेळापत्रक हाती आलं की दोन्ही तारखा शेजारी लिहून ठेवा. आमच्या बॅचला विषय सोडून देणारे बरेच जण याच कारणाने अडकले.

त्याआधी क्वालिफायर, म्हणजे प्रवेशासाठीचा पात्रता टप्पा, आहे. चार विषयांचा चार आठवड्यांचा अभ्यास, त्याच्या असाइनमेंट, आणि मग केंद्रावर चार तासांची परीक्षा. गणित, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग (पायरीपायरीने विचार करून प्रश्न सोडवणं). प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं, एकूण सरासरीही पाहतात.

अर्ध्यात सुटण्याच्या भीतीबद्दल: फाउंडेशनचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचे, ३२ क्रेडिट (विषय पास झाल्यावर जमा होणारे अभ्यासाचे एकक) झाले की प्रमाणपत्र, पुढे डिप्लोमा, ११४ क्रेडिटला बीएस्सी आणि १४२ ला बीएस. जिथे थांबेल तिथपर्यंतचं पदरात राहतं. फीमध्ये प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार चांगली सवलत आहे, दाखले आत्तापासून काढायला लागा.

प्रतिसाद २

मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, आता निवृत्त आहे. फी भरण्याआधी एक करा. या कोर्सची लेक्चर यूट्यूबवर खुली आहेत. कॉम्प्युटेशनल थिंकिंगचे पहिले दोन आठवडे मुलीला वहीपेन घेऊन करायला लावा. तिथे सुरुवातीला संगणकाची भाषा नसतेच. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या कार्डांचा गठ्ठा असतो. केमिस्ट्रीतले सर्वांत जास्त गुण शोधायचे तर आधी एका चलाची किंमत शून्य ठेवायची, वरचं कार्ड उचलायचं, त्यावरचे गुण जास्त असतील तर चलात ते लिहायचे आणि कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायचं. पहिला गठ्ठा संपेपर्यंत हेच. मग विचारतात: सर्वांत जास्त गुण किती मुलांना मिळाले, हे त्याच एका फेरीत सांगता येईल का? मोजणी केव्हा पुन्हा एकपासून सुरू करायची, इथे पोरं थांबतात. त्या थांबण्यात तिला गोडी वाटते का, तेवढं बघा.

व्हिडिओ पाहून समजल्यासारखं वाटतं, प्रश्न सोडवताना समजलेलं नसतं. अनेक प्रश्नांना एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात, काहींत उत्तर आकड्यात टाकायचं असतं, त्यामुळे अंदाज चालत नाही. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात. ती उतरवणाऱ्यांचं पहिल्या क्विझला काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. तिला या बाबतीत नीट समज द्या.

आणि प्रयोगांचं म्हणाल तर डेटा सायन्सला प्रयोगशाळा लागत नाही म्हणून हे जमतं. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टीम्सचा ऑनलाइन बीएस काढला, त्याच्या प्रॅक्टिकलला मात्र चेन्नईला जावं लागतं. तुमच्या मुलीचं कॉलेज चालू राहतंय, हे मला फार बरं वाटलं. व्हर्नियर (प्रयोगशाळेतलं बारीक मोजमापाचं साधन) हातात धरल्याशिवाय कळत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आता इंग्रजीचं सांगा. पुस्तक वाचते, पण भरभर बोललेलं तिला कळत नाही. आणि प्रश्न विचारायला लाजते.

प्रतिसाद १

सबटायटल चालू ठेवायचे, वेग कमी करायचा, दोन-तीन आठवड्यांत कान बसतो. व्हिडिओ छोटे असतात, पुन्हा पाहता येतात. शंकांसाठी संध्याकाळी लाइव्ह सेशन असतात, शिवाय विद्यार्थ्यांचा फोरम आहे. तिथे लिहून विचारायचं असतं, त्यामुळे लाजणाऱ्यांना उलट सोपं जातं. "मला समजलं नाही" एवढंच लिहिलं तर कुणी मदत करू शकत नाही. आपण केलेल्या पायऱ्या टाकायच्या आणि कुठे अडलं ते दाखवायचं.

प्रतिसाद २

शिवाय एनपीटीईएलचा (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स देणारा सरकारी उपक्रम) एखादा १२ आठवड्यांचा कोर्स आधी करून बघा. शिकायला पैसे नाहीत, फक्त प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. १२ पैकी सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, त्यांना २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के. त्यांच्या बऱ्याच कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो. कॉलेजने मान्य केलं तर त्याचे क्रेडिट बीएस्सीतही धरता येतात. प्राचार्यांना विचारा, मात्र नाव नोंदवण्याआधी.

धागाकर्ती

कॉलेजात सोमवारीच विचारते. लॅपटॉपचं आमचं ठरलं: संध्याकाळी सात ते दहा तिचा. एकच राहिलं, पायथनचा (प्रोग्रॅम लिहायची संगणकाची भाषा) सराव सुरुवातीला मोबाइलवर चालेल का?

प्रतिसाद १

व्हिडिओ मोबाइलवर चालतील. पायथनला लॅपटॉपच हवा, पण पायथन क्वालिफायरमध्ये नाही. तोपर्यंत सात ते दहा पुरेल.