डाळ तोलेपर्यंत काडेपेटी डोक्यातून जाते!

प्रश्न: आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक एका दमात सांगतं: अर्धा किलो तूरडाळ, पावशेर शेंगदाणे, हिंग, दोन नारळ, काडेपेटी. डाळ तोलेपर्यंत शेवटचं गायब. वय ४१. काळजी करू का?

उत्तर १: एवढ्यावरून नको हो ताई. कार्यरत स्मृतीत, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, जागाच तेवढी. मानसशास्त्रज्ञ मिलर यांनी १९५६ साली साताच्या आसपास गोष्टी मावतात म्हटलं, मानसशास्त्रज्ञ कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. मनात घोळवलं नाही तर काही सेकंदांत पुसलं जातं. तुम्ही काट्यावरचे आकडे मनात वाचता ना? तिथेच घोळवणं तुटतं. मध्येच कुणी 'सुटे आहेत का' विचारलं की संपलंच!

उत्तर २: म्हणून तर आपण मोबाईल नंबर 'अठ्ठ्याण्णव, बावीस' असा जोडीजोडीने सांगतो. आकडे दहा, गठ्ठे पाच. सामानाचेही गठ्ठे बांधा.

प्रश्नकर्ती: काल केलं. डाळ-हिंग म्हणजे आमटी, नारळ-काडेपेटी म्हणजे पूजा. झकास जमलं. शेंगदाणे मात्र कुठेच बसले नाहीत, गिऱ्हाईक वाटेतून परत आलं.

उत्तर १: आमटीत शेंगदाणे घाला की! आमच्याकडे घालतात.