एकच विद्यार्थी दोनदा दिसतोय, रेकॉर्ड कसं जुळवायचं?

प्रश्न: प्रवेशाची चौकशी करणाऱ्यांचा डेटा रिक्रूटिंगच्या सीआरएममध्ये (त्यांच्याशी संपर्क ठेवायची सिस्टिम), आणि अर्ज आला की ॲडमिशनच्या सिस्टिममध्ये परत नवीन रेकॉर्ड, मग एकाच मुलीला "अर्ज भरा" आणि "अर्ज मिळाला" असे दोन्ही मेल जातात. नाव आणि जन्मतारखेवर मॅच करून बघितलं, तरी बरेच सुटतात. काय करता तुम्ही?

उत्तर १: नावावर जाऊ नका हो. चौकशीत टोपणनाव, अर्जात कागदपत्रांवरचं. मोबाईल पालकांचा असतो म्हणजे भावंडं एकत्र होतात. ईमेलमधल्या स्पेस काढा, सगळं स्मॉल लेटरमध्ये करा, तो आणि जन्मतारीख दोन्ही जुळलं तरच आपोआप मर्ज (दोन रेकॉर्डचं एक), नाहीतर माणसाने डोळ्यांनी बघायचं.

उत्तर २: आणि जुळी मुलं!! आडनाव, जन्मतारीख, पत्ता, फोन सगळं सेम. आम्ही दोघींची रेकॉर्ड एक करून टाकली होती, निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. मर्ज केलं तरी जुना आयडी उडवू नका.

उत्तर ३: सीआरएमचा आयडी अर्जाच्या लिंकमध्येच पाठवा ना, जुळवायची कटकटच कमी.

प्रश्नकर्ता: हे सुचलंच नव्हतं! पण लिंक मैत्रिणीला फॉरवर्ड केली तर?

उत्तर ३: म्हणून लॉगिननंतर ईमेल परत ताडून बघायचा, नाही जुळला तर आयडी सोडून द्यायचा.