हाताने शिवलेली गोधडी: कुणाच्या घरी शिवली जायची? अनुभव लिहा

रानजाई
काल एका प्रदर्शनात हाताच्या गोधडीची किंमत साडेचार हजार होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "जुन्या साड्यांचे एवढे?" मला एकदम आजी आठवली. उन्हाळ्यात ओसरीवर लुगडं अंथरायची, वर धोतरं, विरलेली पातळं, पुन्हा लुगडं. सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर वजनं. मग कडेने धावदोरा धरून आत आत जात मध्यापर्यंत. बोटाला चिंधी बांधलेली असायची, तरी रक्त यायचं. कापड जुनं होतं, पण तिचे हात फुकट नव्हते. तुमच्याकडचं लिहा.

घाटावरची
आमच्याकडे वाकळ म्हणतात. आई आणि काकू दोन बाजूंनी बसायच्या. काकूचा टाका बारीक, आईचा लांब. पांघरल्यावर हाताला कळतं कुठली बाजू कुणाची. दोघीही नाहीत आता. वाकळ आहे.

आकडेमोड
पाच बाय सात फूट धरा. दोन ओळींत २ सेंमी अंतर. म्हणजे ७६ ओळी, प्रत्येक सव्वादोन मीटरच्या थोडी आत. सगळी मिळून १६० मीटर शिवण! सेंटिमीटरला एक टाका म्हटलं तरी १६ हजार टाके, तेही चार-पाच थरांतून. हात बसलेली बाई तासाला चार मीटर शिवते असं धरू, ४० तास झाले. तासाला ५० रुपये दिले तर नुसती मजुरी २०००. आणि ५० रुपये काही जास्त नाहीत.

रानजाई
@आकडेमोड, कापडं धुणं, उसवणं, काठ काढणं, थर जुळवणं यात नाहीच धरलेलं. त्या बाईंना हे दाखवायला हवं होतं.

कृष्णाकाठ
धुण्याचं कुणीच लिहिलं नाही. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. नदीवर दोघी जायच्या, दोन टोकांना धरून उलटसुलट पीळ घालायच्या. वाळायला दोन दिवस कडक ऊन.

दुपारची
ओसरी, उन्हाळा वाचून कुरडया आठवल्या 😊 गव्हाचा चीक गरम गरम खायचा, तेल-मीठ घालून.

घाटावरची
चीक!! आमच्याकडे गूळ-दूध घालून.

सीमेवरचा
बेळगावकडे कौदी. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका शिवतात ती कवंडी. तीही कडेने सुरू करून मध्याकडे नेतात, कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात, त्याला फूल म्हणतात. फुलं नसतील तर कवंडी उघडी समजतात. पाहून आलोय, भाव करायचं धाडस झालं नाही. करूही नये.

नवी_मावशी
बाळ झोपलंय तोवर लिहिते. भाच्यासाठी दुपटं शिवतेय. घरात सुती साडीच नाही, सगळ्या सिंथेटिक. थर सरकतात, घाम टिपत नाहीत. शेवटी सुती कापड विकत आणलं, दुपट्याचा अर्धा खर्च तिथेच. दोराही गुंततोय सारखा.

कृष्णाकाठ
@नवी_मावशी, नवं कापड आधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर नंतर आटतं आणि शिवण चुण्या धरते. दोरा हातभरच घ्या, मेणावरून ओढा.

नवी_मावशी
मेणबत्तीचं चालेल? उठलं बाळ, नंतर बघते.

कृष्णाकाठ
चालेल. पांढरी घ्या, रंगीत नको, कापडाला डाग पडतो.