नागपुरात डॉक्टरांसोबत उभं राहून काम करणारा नालबंद हवा आहे

हिंगणारोड_शेतकरी
नमस्कार मंडळी. आमची 11 वर्षांची काठियावाडी घोडी उन्हाळ्यापासून तिसऱ्यांदा लंगडते आहे. पुढचा डावा पाय. लग्नसराईत वरातीला जाते, एरवी शेतावरच असते. मऊ मातीत बरी चालते, पण डांबरी रस्ता लागला की आखडते आणि वळताना पाऊल टाकायला मागत नाही.

डॉक्टर म्हणाले, नाल नीट बसलेली नाही. नालबंद म्हणाले, नाल बरोबर आहे, दुखणं वर खांद्यात आहे. दोघं कधी समोरासमोर आले नाहीत. निरोप्या मी, आणि मला दोघांचंही बोलणं अर्धंच कळतं. इंजेक्शनने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नाल दोनदा काढून ठोकल्यामुळे खिळ्यांच्या भोकांनी खुराची कड चिरत चालली आहे.

नागपूर, वाडी, कामठी, कुठलाही चालेल. नंबर खासगी निरोपात द्या. घोडी आमच्या दारातच वाढली आहे, तिचं हे बघवत नाही.

कामठीकर
भाऊ, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. पण एकटे जाऊ नका, नालबंदाला गाडीत सोबत बसवा. मी एकटा गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं घरी येऊन सांगताना टाच आणि पंजा (खुराचा पुढचा भाग) यांची माझ्याकडून अदलाबदल झाली. घोड्याचे सहा आठवडे त्यात गेले.

घोड्यांचा_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, नागपूरबाहेर काम करतो. न तपासता निदान सांगणार नाही, पण कठीण जमिनीवर आणि वळताना दुखतं म्हणजे खांद्याआधी खूर बघायला हवा.

तपासणीच्या दिवशी सकाळी दुखणं कमी करणारं औषध देऊ नका, लंगडणं झाकलं जातं. खुराला चिमटा लावून कुठे दुखतं ते बघता येतं. त्याच पायाच्या, खुराच्या वर मागच्या बाजूने जाणाऱ्या नसा बधिर केल्या की दुखणं खुरातलं की वरचं, हेही कळतं. मग एक्स-रे. दोन्ही पुढचे पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर हवेत, म्हणजे वजन दोन्हींवर सारखं पडेल. खुराच्या पुढच्या भिंतीवर तार चिकटवा आणि तळव्यातल्या पुतळीच्या (मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या) टोकाशी खूण म्हणून टाचणी लावा. फोटोत हाडापासून तारेपर्यंतचं अंतर आणि तळव्याची जाडी मोजता येते. निरोगी खुरात तळवा साधारण 15 मिलिमीटर तरी असावा. मुख्य म्हणजे टाचणीची जागा नालबंदाला प्रत्यक्ष खुरावर दिसते. "पंजा कमी करा" असं तोंडी सांगण्यापेक्षा "टाचणीच्या पुढे एवढंच ठेवा" हे त्याच्या हाताला कळतं.

आमच्या लोकांची एक चूक सांगतो. आम्ही औषधाची चिठ्ठी लिहितो, पण नालबंदाला काही विचारत नाही. तो खूर दर सहा-आठ आठवड्यांनी हातात धरतो. आम्हाला खूर दुखायला लागल्यावर दिसतो.

घोडी पुढचे पाय लांब टाकून मागे रेलली, खूर गरम लागले, घोट्याजवळची नाडी जोरात उडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

मामाचा_भाचा
माझे मामा नालबंद आहेत, मी त्यांचं सांगणं टाइप करतो. ते विचारतात: खूर छाटताना पांढऱ्या रेषेत (तळवा आणि भिंत जुळतात तिथे) लाल डाग दिसला होता का? भिंतीवरच्या आडव्या वळ्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकलेल्या आहेत का? तसं असेल तर आत आधीच सूज येऊन गेली आहे. वरातीत लोक कौतुकाने गूळ-चणे भरवतात, लाडू देतात, घरी वर दाणाही मिळतो. त्यानेही ही सूज येते, मामांनी अशा कितीतरी घोड्या बघितल्या आहेत.

आणि पावसात काळ्या मातीत उभी ठेवू नका. खूर ओला होऊन मऊ पडतो, मग सुकतो आणि खिळा धरत नाही. शेवटचा खिळा खुराच्या सर्वात रुंद जागेच्या मागे नको, टाचेला फाकायला जागा लागते. मामा म्हणतात, डॉक्टरसाहेब बोलावतील तर ते येतील, फक्त "हे चुकलं" असं मालकासमोर ओरडू नये. खासगी निरोप केला आहे.

हिंगणारोड_शेतकरी
ताजी खबर. काल महाविद्यालयात गेलो, मामा सोबत होते. खूर छाटताना रेषेत लाल डाग निघाला. आमच्या जुन्या नालबंदांना आज फोन केला, तर त्यांनी हा डाग एप्रिलमध्येच पाहिला होता. डॉक्टरांपर्यंत गेला नाही, कारण त्यांना कोणी विचारलं नाही आणि मला त्याचा अर्थ कळला नसता. एक्स-रेत खुरातलं हाड थोडं खाली झुकलेलं दिसलं. हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांचा जुना दाह, म्हणजे लॅमिनायटिस.

डॉक्टरांनी फोटो मामांच्या हातात दिला. दोघं खुरापाशी वाकून अर्धा तास बोलले. पंजा एकदम कमी करायचा नाही, दर चार-पाच आठवड्यांनी थोडा, असं ठरलं. दाणा आणि गूळ बंद, वाळका चारा, जाड भुशाची गादी. खुराची भिंत महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणून पूर्ण नवा पंजा यायला वर्षभर लागू शकेल. यंदाच्या वराती आम्ही नाकारल्या आहेत.

घोड्यांचा_डॉक्टर
पुढच्या वेळीही फोटो त्याच ठोकळ्यांवर काढा. तारीख आणि पाय फोटोवरच लिहून ठेवा.

हिंगणारोड_शेतकरी
ठोकळे सुताराकडून करून घेतो, डॉक्टरसाहेब. मामांनी उंची विचारली आहे, तेवढी सांगा.